ताम्रपट आणि तबकडी

८ सप्टेंबर १९५५. कुंथलगिरीवर चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेचा तो सव्विसावा दिवस होता. १४ ऑगस्टपासून आहाराचा त्याग झालेला होता. देह क्षीण झाला होता, परंतु वाणी सावध होती. त्या सायंकाळी महाराजांनी मराठीतून सुमारे बावीस मिनिटांचा अखेरचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रण यंत्रावर उतरवून घेण्यात आला. त्यानंतर दहा दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी, महाराजांचे समाधिमरण झाले. ज्या पिढीने महाराजांना डोळ्यांनी पाहिले नाही, तिच्या कानांपर्यंत तो आवाज पोहोचला, याचे श्रेय त्या दिवशी यंत्र लावणाऱ्यांचे आहे; आणि तितकेच श्रेय, त्यानंतर त्या मुद्रणाच्या प्रतींवर प्रती काढून ती जपणाऱ्यांचेही आहे.

आज धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही व्यापारी घरात त्याहून कितीतरी सरस यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. पंचकल्याणक महोत्सव, चातुर्मासातील प्रवचने, आजीच्या अठाईचे पारणे, मुलीचे लग्न, आजोबांनी सांगितलेल्या जुन्या पेढीच्या आठवणी, सारे काही चित्रित होते. परंतु चित्रित झालेले टिकते किती? कपाटात व्हीएचएसच्या कॅसेटी बुरशीची वाट पाहत असतात, सीडीवर ओरखडे पडलेले असतात, मोबाइल भरला की घाईघाईने त्यातील चित्रफिती दुकानाच्या संगणकात ओतल्या जातात. त्याच संगणकात टॅलीची खाती आणि जीएसटीची विवरणपत्रेही असतात. एके दिवशी ती एकुलती एक तबकडी बंद पडते, आणि घराची स्मृती व दुकानाचा हिशेब एकाच वेळी हातचा जातो.

हे टाळण्यासाठी लागणारी बहुतेक साधने विनामूल्य मिळतात. अडचण किमतीची नसून निवडीची आहे. चित्रफितींचे संपादन आणि तबकडीची निगा यांसाठी शेकडो नावे समोर येतात आणि त्यांतील खरे कोणते व फसवे कोणते, हे घरच्यांना उमगत नाही. या लेखात त्या निवडीचाच विचार केला आहे.

फुकट, मोफत आणि मुक्त

मराठीत हे तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ निरनिराळे आहेत. संगणकाच्या आज्ञावलींनाही हा भेद तंतोतंत लागू पडतो.

‘फुकट’ म्हणून जे पुढे केले जाते, त्यात बहुधा काहीतरी दडलेले असते. अशी संपादन साधने सारे काम करू देतात. मात्र चित्रफीत बाहेर काढण्याच्या क्षणी तिच्या मधोमध कंपनीचे नाव उमटते किंवा सात दिवसांनंतर पैसे मागितले जातात. दुकानात नमुना दाखवण्यात गैर काही नाही, पण तो नमुना आहे हे आधीच कळायला हवे.

‘मोफत’ साधनांत मूळ मालक आपली वस्तू विनाशुल्क वापरू देतो, परंतु तिची घडण स्वतःपाशी ठेवतो. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीचे ‘दा विंची रिझॉल्व्ह’ याच वर्गातले. त्याची स्टुडिओ ही आवृत्ती विकत मिळते, तर साधी आवृत्ती विनाशुल्क मिळते आणि तीत चित्रावर कोणतेही नाव उमटत नाही.

‘मुक्त’ साधनांची मूळ संहिताच सर्वांसाठी खुली असते. ती कोणीही वाचावी, सुधारावी, इतरांना द्यावी. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पापासून या विचाराला संघटित रूप आले. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट, ऑडॅसिटी, हँडब्रेक, व्हीएलसी ही सारी या परंपरेतील. मुक्त म्हणजे नेहमीच विनामूल्य असे मात्र नाही. ‘लॉसलेसकट’ हे कापणीचे साधन गिटहबवर विनामूल्य मिळते आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानात तेच विकतही मिळते. विकत घेणाऱ्याचे पैसे निर्मात्याच्या श्रमांना पोहोचतात.

चोरीची वस्तू स्वस्त नसते

या तीन प्रकारांखेरीज चौथाही एक प्रकार आहे, आणि बाजारपेठेतील अनेक संगणकांवर तोच आढळतो. मूळची महाग आज्ञावली कुलूप फोडून पेनड्राइव्हमधून बसवून दिली जाते. बसवणारा दोनशे-तीनशे रुपये घेतो आणि गिऱ्हाइकाला वाटते, मोठी बचत झाली.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. पाठशाळेतील मुलांनाही ही नावे पाठ असतात. तदाहृतादान म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. कुलूप फोडलेली आज्ञावली घेणे याहून वेगळे काय आहे? वजनमापात गुंजभरही फरक पडू न देणारी पेढी त्याच पेढीच्या संगणकावर हे चालवून घेते, कारण ही वस्तू हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. अतिचाराला मात्र दिसण्याची गरज नसते.

राज्याचा कायदाही येथे स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब नुसार संगणक आज्ञावलीची अवैध प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. दुकानाच्या संगणकाला ही सवलत सहजी मिळणार नाही. त्यातच कुलूप फोडण्यासाठी आधी विषाणूरोधक बंद करावा लागतो. घराचे दार उघडे ठेवून झोपावे तसे हे आहे. पुढे कधी साऱ्या फायली कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी पडद्यावर उमटली, तर बचतीचा हिशेब कोणी मांडायचा?

उगमावरूनच पाणी भरावे

साधन मुक्त असले तरी ते कोठून घेतले, याला महत्त्व आहे. २०२२ मध्ये व्हीएलसीचे अधिकृत संकेतस्थळ भारतात कित्येक महिने उघडत नव्हते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. उगमच बंद झाला की लोक डबक्यांकडे वळतात. कोणत्याही लोकप्रिय साधनाचे नाव शोधले, की अधिकृत स्थळाच्या वर जाहिरातीची दोन-तीन स्थळे दिसतात. तेथील फायलीत मूळ साधनासोबत आणखी काय काय आहे, हे सांगणे कठीण असते.

अधिकृत उगमही क्वचित दूषित होतो. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्या दोन वितरण केंद्रांपैकी एकावर मॅकसाठीची फाइल कोणी बदलली आणि चार दिवस ती विषारी फाइल लोकांनी उतरवून घेतली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तबकडी साफ करणाऱ्या सीसीक्लीनर या प्रसिद्ध साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत, खुद्द कंपनीच्याच केंद्रातून, परका धागा विणला गेला. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोहोचली होती.

म्हणून तीन नियम पाळावेत. साधन नेहमी निर्मात्याच्या स्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून घ्यावे. निर्मात्याने फायलीसोबत तपासणी-बेरीज दिली असेल, तर ती आपल्या फायलीशी जुळवावी. हँडब्रेकच्या प्रसंगी ज्यांनी ती जुळवून पाहिली, त्यांना फरक लगेच कळला असता. आणि ज्याची गरज नाही, ते बसवूच नये. परिग्रहाचे परिमाण धान्य, सुवर्ण आणि वास्तू यांच्यापुरते ठेवण्याचे कारण नाही; संगणकावरील निरुपयोगी साधनांनाही ते लावता येते.

आधी तबकडीची नाडी

चित्रफितींचे संपादन सुरू करण्यापूर्वी त्या ज्या तबकडीवर ठेवायच्या, तिची प्रकृती पाहावी. प्रत्येक तबकडी स्वतःच्या दुखण्यांची नोंद स्वतःच ठेवत असते; या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे जपानी मुक्त साधन ती नोंद वाचून दाखवते. निळा रंग असेल तर प्रकृती ठीक, पिवळा असेल तर सावध राहावे, लाल असेल तर धोका. यातही तीन ओळी विशेष पाहाव्यात: किती जागा निकामी होऊन बदलल्या गेल्या, किती जागा बदलण्याच्या प्रतीक्षेत आहेत, आणि किती वाचताच आल्या नाहीत. यांतील आकडे महिन्यागणिक वाढत असतील, तर तबकडी निरोप घेत आहे असे समजावे.

अशा वेळी एक चूक हमखास होते. घरचा जाणता मुलगा विंडोजमधील ‘चेकडिस्क’ची आज्ञा देऊन दुरुस्ती सुरू करतो. आजारी तबकडीला संपूर्ण तपासणीचा हा ताण सोसत नाही. म्हणून आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि दुरुस्तीचा प्रयत्न मगच करावा. निळा रंग ही देखील हमी नव्हे. पुष्कळ तबकड्या कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतात.

जागा भरल्याची तक्रार असेल, तर सफाईची झगमगीत साधने शोधण्याचे कारण नाही. विंडोजमधील ‘स्टोरेज सेन्स’ तात्पुरत्या फायली काढून टाकते. कोणत्या फायलींनी किती जागा व्यापली आहे, हे ‘विनडिरस्टॅट’ हे मुक्त साधन रंगीत चौकटींच्या नकाशातून दाखवते. बहुतेक घरांत या नकाशात एकच मोठा चौकोन दिसतो, आणि तो एकाच लग्नाच्या चित्रफितीच्या तीन प्रतींचा असतो. ‘रजिस्ट्री’ साफ करून संगणक वेगवान करण्याचे आश्वासन देणारी साधने मात्र घेऊच नयेत. लाभ नगण्य आणि बिघाडाचा संभव अधिक.

फिरत्या तबकडीवरील विखुरलेले तुकडे एकत्र करण्याचे काम विंडोज स्वतःच ठरावीक काळाने करते. नव्या पद्धतीच्या, न फिरणाऱ्या एसएसडीवर ते काम करण्यासाठी वेगळे साधन बसवू नये. तेथे त्याचा उपयोग नाही, उलट लेखनाने तिची झीज होते.

प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलच्या नावाखाली नक्कल देणे, याचेही एक रूप येथे आढळते. जत्रेत किंवा जाहिरातींतून पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो. संगणकाला जोडला असता तो दोन टीबीच दाखवतो; आत प्रत्यक्षात बत्तीस किंवा चौसष्ट जीबीच असतात आणि त्यापुढे टाकलेले सारे पुसले जाते. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे छोटे जर्मन साधन पेनड्राइव्हची संपूर्ण जागा भरून पुन्हा वाचून पाहते व खरे माप सांगते. तराजू तपासून घेणाऱ्या व्यापाऱ्याने पेनड्राइव्हही तपासून घ्यावा.

मापाची आणखी एक अडचण वारंवार येते. पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही मोठी चित्रफीत त्यावर उतरत नाही. पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने आखलेला असेल, तर त्यावर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. मोबाइलवरील चित्रण साधारणपणे मिनिटाला १३० एमबी या गतीने साठत असेल, तर एका तासाच्या प्रवचनाची फाइल जवळपास आठ जीबीची होते. पेनड्राइव्हमधील मजकूर आधी काढून घेऊन तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने आखला की ही अडचण सुटते.

संपादनाचे साधन: संगणकाची कुवत पाहून

संपादनाच्या साधनाची निवड दोन प्रश्नांनी करावी. काम काय आहे? आणि संगणक कोणता आहे?

प्रवचनाच्या चित्रफितीतील आरंभीची गडबड आणि शेवटची पाच मिनिटे कापून टाकायची, एवढेच काम असेल, तर मोठ्या साधनाची गरज नाही. लॉसलेसकट चित्र पुन्हा न घडवता केवळ कापते. त्यामुळे दोन तासांच्या चित्रफितीचे काम मिनिटभरात होते आणि चित्राचा दर्जा तसूभरही उतरत नाही. कापणीची जागा सेकंद-दोन सेकंदांनी मागेपुढे होते, एवढी मर्यादा समजून घ्यावी.

आठवी-नववीतील मुलांना पाठशाळेच्या कार्यक्रमाची छायाचित्रे व चित्रफिती जोडून, नावे घालून छोटी फीत करायची असेल, तर ओपनशॉट सोपे पडते. विंडोज ११ मध्ये ‘क्लिपचॅम्प’ आयतेच येते. ते १०८० रेषांपर्यंतची चित्रफीत कोणतीही खूण न उमटवता विनाशुल्क काढून देते. मात्र त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि त्यातील काही सजावटी सशुल्क असतात. जुन्या पिढीच्या परिचयाचे विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्येच बंद केले. त्या नावाने आज जे मिळते, ते मूळचे नव्हे.

घरात संपादनाची गोडी असलेले कोणी असेल आणि संगणक मध्यम कुवतीचा असेल, तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह यांपैकी एक निवडावे. दोन्हींच्या पोटात एकच यंत्रणा आहे. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्स यांवर चालतात. दोन्हींत कालमर्यादा नाही, खूण नाही, जाहिरात नाही. संगणक जुना असून चित्रफीत अडखळत असेल, तर त्यांतील ‘प्रॉक्सी’ ही सोय सुरू करावी. त्यामुळे संपादन हलक्या प्रतीवर होते आणि अखेरची फीत मात्र मूळ प्रतीवरून घडते.

दा विंची रिझॉल्व्ह हे चित्रपटसृष्टीत वापरले जाणारे साधन. रंगसंस्काराच्या कामात त्याचा मोठा नावलौकिक आहे. परंतु त्याला सोळा जीबी स्मृती आणि चांगले ग्राफिक कार्ड लागते. दुकानातील चार जीबी स्मृतीच्या संगणकावर ते बसवणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडण्यासारखे आहे. दोष इंजिनाचाही नाही आणि गाडीचाही नाही.

कोणतेही साधन पक्के करण्यापूर्वी मराठीची एक चाचणी घ्यावी. शीर्षकाच्या चौकटीत ‘क्षमापना’, ‘श्रुतपंचमी’, ‘ज्ञानप्रभावना’ असे शब्द टंकित करावेत. जोडाक्षरे नीट उमटली, तर ते साधन आपल्या कामाचे. त्यासाठी युनिकोड टंक वापरावेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध आहेत. छपाईखान्यातील टंक परवान्याविना उचलून आणण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

कॅसेटींना आता अवधी थोडा

कपाटातील व्हीएचएस कॅसेटींचे काम सर्वांत आधी हाती घ्यायला हवे. कॅसेट वाजवणारे यंत्र बनवणारी जगातील शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आता जी यंत्रे शिल्लक आहेत, तेवढीच. कॅसेट शाबूत असेल पण तिला वाचणारे यंत्र नसेल, अशी स्थिती फार दूर नाही.

चालू अवस्थेतील यंत्र मिळाले, की त्याच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल तारा यूएसबी कॅप्चर उपकरणाला जोडाव्यात आणि ‘ओबीएस स्टुडिओ’ या मुक्त साधनाने चित्रण संगणकावर उतरवून घ्यावे. भारतातील कॅसेटी पाल पद्धतीच्या, म्हणजे ५७६ रेषा व सेकंदाला २५ चित्रे या मापाच्या असतात. ओबीएसमध्ये तेच माप ठेवावे. हलत्या चित्राच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ ही सोय लावावी. घरगुती डीव्हीडीवरील चित्रण संगणकासाठी योग्य रूपात आणण्यास हँडब्रेक उपयोगी पडते.

ध्वनिफितींसाठी ऑडॅसिटी पुरेसे आहे. टेपरेकॉर्डरच्या बाहेर जाणारा ध्वनी एका साध्या तारेने संगणकाच्या लाइन-इनमध्ये घ्यावा आणि प्रथम ‘वेव्ह’ स्वरूपात जसाच्या तसा जतन करावा; तासाला सुमारे सहाशे एमबी जागा लागते. खरखर काढणे, आवाज वाढवणे इत्यादी संस्कार नंतर, आणि तेही प्रतीवरच करावेत. पणजीच्या आवाजातील भक्तामर किंवा ओव्या स्वच्छ करण्याच्या उत्साहात मूळ मुद्रणच पुसले गेले, तर ते पुन्हा मिळण्याचा मार्ग नाही.

चुकून पुसले गेले तर

पुसलेली फाइल त्याच क्षणी नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, एवढेच. म्हणून चूक लक्षात येताच त्या कार्डावर किंवा तबकडीवर काहीही नवे लिहू नये. कॅमेरा बंद करावा, कार्ड बाहेर काढावे. ‘फोटोरेक’ हे मुक्त साधन अशा कार्डावरून छायाचित्रे व चित्रफिती शोधून काढते. फायलींची मूळ नावे मात्र जातात आणि हजारो फायली ओळीने हाती येतात. सापडलेले सारे दुसऱ्या तबकडीवर साठवावे, त्याच कार्डावर नव्हे. विभागणीच हरवली असेल, तर त्याच निर्मात्याचे ‘टेस्टडिस्क’ वापरता येते. एसएसडीवर मात्र ही आशा फार थोडी असते. पुसलेली जागा ती आपणहून लवकर रिकामी करते. आणि तबकडीतून टकटक असा आवाज येत असेल, तर कोणतेही साधन न लावता ती बंद ठेवून तज्ज्ञाकडे न्यावी.

एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे

वरील सर्व साधनांहून मोलाचे एक पथ्य आहे. ते पाळण्यासाठी आज्ञावलीपेक्षा शिस्त अधिक लागते. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात. आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हा नियम तीन-दोन-एक या रूपात मांडला आणि तो जगभर रूढ झाला.

जैन समाजाला मात्र हा नियम नवा नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे होती. त्यांच्या प्रती निघाव्यात, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद होते. लेखनाचे काम पंचवीसहून अधिक वर्षे चालले. पुढे १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड छापून निघाला. याच हिरालालजींनी मुनी कनकामर यांचे अपभ्रंशातील ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये कारंजाहून प्रसिद्ध केले. राजा करकंडाची तेरापूरजवळच्या लेण्यांना झालेली भेट त्यात वर्णिली आहे, आणि त्यामुळेच धाराशिवच्या लेण्यांचा जैन परंपरेशी असलेला संबंध अभ्यासकांसमोर आला. ग्रंथभांडारातील पोथ्या कीटकांच्या स्वाधीन झाल्या असत्या, तर धाराशिवला आपल्याच डोंगराची ही कथा उमगली नसती.

महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग कीटकांनी खाऊन नष्ट केला, हे आचार्य शांतिसागर महाराजांना कळले, तेव्हा ते व्यथित झाले. त्यांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धान्तग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि ते ताम्रपट फलटण येथे जतन झाले. ताडपत्र, कागद, छापील ग्रंथ, ताम्रपट अशी चार माध्यमे झाली. मूडबिद्री, अमरावती, फलटण अशी तीन ठिकाणे झाली. आजचा नियम जितके मागतो, त्याहून हे अधिकच होते. आणि त्याचा खर्च उचलण्यात व्यापारी घराण्यांचा मोठा वाटा होता.

घरगुती पातळीवर याचे रूप अगदी साधे आहे. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरील तबकडीवर, तिसरी दुसऱ्या गावातील मुलीच्या किंवा भावाच्या घरी असलेल्या तबकडीवर. नवे-जुने जुळवून केवळ बदललेल्या फायली उतरवण्यासाठी ‘फ्रीफाइलसिंक’ हे मुक्त साधन आहे. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ही आहे. बाहेरील तबकडी काम संपताच काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली, तर खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप घालतो. दुकानाच्या खात्यांना तर हे अधिकच लागू आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने जपावी लागतात. तबकडी बंद पडली, हे उत्तर तेथे पुरणार नाही.

ज्या संगणकावर हे सारे करायचे, त्याचीही विचारपूस करावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक ११ ला पात्र नसेल, तर तो आंतरजालापासून दूर ठेवून केवळ संपादनासाठी वापरावा किंवा त्यावर लिनक्स बसवावे. शॉटकट, केडेनलाइव्ह, ऑडॅसिटी तेथेही तशीच चालतात.

आता प्रश्न दिवस ठरवण्याचा. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, दिगंबर परंपरेत शास्त्रे बाहेर काढून झटकली जातात, नवी वेष्टने घातली जातात; श्वेतांबर परंपरेत हेच कार्य कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला होते. त्याच दिवशी घरातील तबकड्या बाहेर काढाव्यात, प्रत्येकीची नाडी पाहावी, दोन-चार फायली उघडून त्या खरोखर वाचता येतात का हे तपासावे, आणि वहीत तारीख घालून नोंद करावी. दिवाळीत नवी वही पूजेला ठेवताना सरत्या वर्षाच्या खात्यांची एक प्रत घराबाहेर पोहोचली आहे ना, एवढे पाहावे. दोन सणांत मिळून वर्षाचे काम होते.

कुंथलगिरीवरील त्या सायंकाळी ज्यांनी यंत्र लावले, त्यांच्यापाशी ना साधनांची रेलचेल होती, ना निवडीला वाव होता. जे मिळाले, त्यावर त्यांनी आवाज उतरवला आणि तो जपला. आज साधने विनामूल्य आहेत, माहिती हाताशी आहे. कपाटातील कॅसेटींची पेटी या रविवारी खाली उतरवावी, आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा आवाज जीवर असेल, ती कॅसेट पहिल्यांदा यंत्रात घालावी.